उपकाराकडून मैत्रीकडे : ख्रिस्ती मिशनांच्या सहकार्याचा इतिहास

परदेशी ख्रिस्ती मिशनांविषयी आपल्याकडे अनुकूल-प्रतिकूल असे पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुधा शाळा, छापखाने, इस्पितळे आणि धर्मांतर या विषयांभोवतीच फिरते. या मिशनांचे परस्परांशी नाते काय होते, आणि त्यांनी उभारलेल्या देशी मंडळ्यांशी काय होते, या प्रश्नाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

सहकार्याची पहिली मोठी कल्पना सुचली ती विल्यम केरी यास. १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध करणारा म्हणून मराठी अभ्यासकांस तो परिचित आहेच. जगातील सर्व प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद १८१० साली केप ऑफ गुड होप येथे भरावी आणि पुढे दर दहा वर्षांनी भरत जावी, अशी सूचना त्याने १८०६ साली इंग्लंडला लिहून पाठविली. त्याचे तेथील सहकारी अँड्र्यू फुलर यांना ते केवळ एक गोड स्वप्न वाटले आणि सूचना बारगळली.

प्रत्यक्षात सहकार्य आले ते ध्येयवादातून नव्हे, तर व्यवहाराच्या गरजेतून. माणसे थोडी, पैसा थोडा आणि मुलूख अफाट. म्हणून एका मिशनने दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू नये, असा संकेत रूढ झाला. मराठी मुलखात स्थूलमानाने अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तत्कालीन अहमदनगरात आणि इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे नाशकास, अशी वाटणी दिसते. भांडणे टाळण्यास ही क्षेत्रविभागणी उपयोगी पडली यात शंका नाही. परंतु तिचा परिणाम चमत्कारिक झाला. नगरकडचा ख्रिस्ती मनुष्य बहुधा काँग्रिगेशनल झाला आणि नाशिककडचा अँग्लिकन. युरोपात ज्या वादांतून हे पंथ निर्माण झाले, त्या वादांशी या दोघांचा सुतराम संबंध नव्हता. त्यांचा पंथ ठरविला तो त्यांच्या जिल्ह्याने. ही वाटणी करताना त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

केरीच्या स्वप्नानंतर शंभर वर्षांनी, जून १९१० मध्ये, एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. जॉन मॉट अध्यक्ष होते व जोसेफ ओल्डहॅम कार्यवाह. सुमारे १२०० प्रतिनिधी जमले. रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चांस निमंत्रणच नव्हते. आशियातील प्रतिनिधी जेमतेम वीस. ज्या देशांविषयी चर्चा चालली होती, त्या देशांचा आवाज सभागृहात इतका क्षीण होता.

तरीही परिषद आज स्मरणात आहे ती बव्हंशी या मोजक्या प्रतिनिधींमुळे. तमिळ मुलखातून आलेल्या वेदनायकम सॅम्युएल अझरायांनी तेथे एक अप्रिय सत्य सांगितले. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी नाकारला नाही. परंतु परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ता यांच्यात मैत्री नाही. उपकार आहे, देखरेख आहे, पण बरोबरीचा स्नेह नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आम्हांस मित्र हवेत, अशी विनवणी करून त्यांनी भाषण संपविले. सभेत अस्वस्थता पसरली. काहींना राग आला. चीनच्या अठ्ठावीस वर्षांच्या चेंग जिंग्यी यांनीही, पाश्चात्त्य पंथभेदांत चिनी मनास स्वारस्य नाही, असे तितक्याच स्पष्टपणे बजावले.

हे बोल वाया गेले नाहीत. १९१२ साली अझराया निजामाच्या राज्यातील डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. १९१९ साली त्रांकेबार येथे त्यांनी व इतरांनी ऐक्याचे आवाहन केले. एडिंबरोचे कार्य पुढे चालविण्यासाठी १९२१ साली आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद स्थापन झाली. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनात आशिया, आफ्रिका इत्यादी खंडांतील नव्या मंडळ्यांचे प्रतिनिधी पाहुणे म्हणून नव्हे, तर बरोबरीचे सभासद म्हणून मोठ्या संख्येने बसले. १९४५ साली अझराया वारले. त्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, ते दक्षिण भारतीय चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेत साकार झाले. १९६१ साली नवी दिल्लीच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद जागतिक चर्च परिषदेत विलीन झाली. पाठविणारे आणि स्वीकारणारे यांच्यासाठी निराळ्या संस्था ठेवण्याचे कारण उरले नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, आणि नगर व नाशिक येथील त्या जुन्या मंडळ्या अखेर एका छत्राखाली आल्या.

हे ऐक्य पूर्ण आहे असे नव्हे. रोमन कॅथलिक चर्च जागतिक परिषदेचे सभासद नाही, आणि १९७० च्या ऐक्यातून मेथडिस्टांचा एक मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला. तथापि या इतिहासाचा कल आम्हांस स्पष्ट दिसतो. क्षेत्रे वाटून घेतल्याने कलह टळले, परंतु ऐक्य आले नाही. ते येऊ लागले तेव्हा, जेव्हा ज्यांच्यासाठी सारे चालले होते त्यांनीच सभेत उभे राहून बरोबरीची जागा मागितली. देणाऱ्यास देणे कठीण नसते. घेणाऱ्यास शेजारी बसविणे कठीण असते. कोणत्याही लोकोपकारी संस्थेचा इतिहास लिहिताना तिने किती दिले याबरोबर तिने कोणास शेजारी बसविले, हेही तपासले पाहिजे, असे आम्हांस वाटते.