सकाळची गोळी दिली का? कोणी दिली?

घरातल्या रुग्णाची काळजी तीन-चार जण वाटून घेतात, तेव्हा एक चूक वारंवार होते. सकाळचं औषध मुलाने दिलेलं असतं. ते ठाऊक नसल्याने सून पुन्हा देते. इन्सुलिनच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं.

ही अडचण मोबाइलपेक्षा जुनी आहे. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटं पुस्तक लिहिलं. ते परिचारिका घडवण्यासाठी नव्हतं, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होतं. त्यातलं एक प्रकरण याच मुद्द्यावर आहे: आपण हजर असताना जे होतं, ते आपण नसतानाही व्हायला हवं. जबाबदारी घेणं म्हणजे सगळं स्वतः करणं नव्हे. इतरांकडूनही ते नीट होतंय ना, हे पाहणं.

१९९७ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सोना मेहरिंग यांनी ‘केअरिंगब्रिज’ हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यांच्या स्नेह्यांचं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं होतं. प्रत्येकाला वेगळा फोन करण्याऐवजी बाळाची खबर एकाच ठिकाणी लिहिली जाऊ लागली. आज तुमच्या घरी हे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतो.

पण ग्रुपवर दहा जणांनी ‘ओके’ लिहिलं, तरी गोळी कोणी दिली हे कळत नाही. म्हणून घरातल्या एकाला प्रमुख नेमा. औषध दिल्याबरोबर त्याचं नाव, डोस आणि वेळ लिहा. डॉक्टरांनी औषध बदललं, की नव्या चिठ्ठीचा फोटो टाका, जुना काढा. आणि नोंद दिसली नाही, तर औषध देण्याआधी फोन करून विचारा.