चिरागनगरची झोपडी

मी बोलतोय युसूफ वडगावहून, तालुका केज, जिल्हा बीड. आमच्याकडं १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठेंची जयंती जोरात असते. डीजे, बॅनर, पिवळे झेंडे. मागं मिरवणुकीत एका पोराला विचारलं, "अण्णाभाऊ मुंबईत कुठं राहायचे रे?" तो म्हणाला, "बंगला असंल की, एवढे मोठे साहित्यिक!" मी हसलो. पण खरं सांगतो, कॉलेजात जाईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत. थोडीथोडकी नाही, बावीस वर्षं!

सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्म. शाळा दीड दिवसाची, असं सांगतात. पोरवयात घरच्यांसोबत मुंबईला आले, तेही पायी. आपल्याकडं ऊसतोडीला बिऱ्हाड निघतं ना, डोक्यावर भांडी, कडेवर लेकरू, तसंच समजा. मग गिरणी, पडेल ती मजुरी आणि माटुंग्याचा लेबर कॅम्प.

हा लेबर कॅम्प नीट लक्षात ठेवा. तिथं राहणाऱ्या माणसानं १९४३ मध्ये थेट स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. पुढं 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिणारे बाबूराव बागूलही याच वस्तीत राहिले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेख बार्शीचे, म्हणजे आपल्या बाजूचेच. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणगावात कामगार सुटले की यांचा डफ वाजायचा. सरकारनं कार्यक्रमांवर बंदी घातली, तरी गाणी थांबली नाहीत.

'फकिरा' १९५९ ची. अर्पण केलीय बाबासाहेबांना. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले, त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवरचा 'वैजयंता' सिनेमाही आला. थेटरात पडद्यावर नाव, आणि मुक्काम चिरागनगरलाच. शेजारीपाजारी जगताना जे दिसलं तेच 'चिरागनगरची भुतं'मध्ये उतरलं. गरिबीनं कला फुलते, असलं काही मी म्हणणार नाही. कौतुक सगळ्यांनी केलं, पण धड घर मिळायला आयुष्य सरत आलं. गोरेगावला राहायला गेले आणि १८ जुलै १९६९ ला वारले. वय फक्त ४८.

माझा चुलता ७२ च्या दुष्काळात मुंबईला गेला. घरी पत्र धाडायचा तर झोपडपट्टीचं नाव लिहायचा नाही, किराणा दुकानाचा पत्ता द्यायचा. लाज वाटायची. हा भाग लिहिताना त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे, चिरागनगरच्या जवळच होतो की आम्ही! कुणी सांगितलंच नाही." जरा थांबून म्हणाला, "तीन वर्षं उशिरा गेलो."

पुढच्या भागात शाहीर विलास घोगरे. भेटूया.