खत नको म्हणणारं रोप



आरेतल्या आमच्या पाड्यावर भातखाचराच्या कडेला कातळ आहे. पावसाळ्यात तिथं गवती दवबिंदू उगवतो. पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात. बारीक किडा अडकला की पान त्याला पचवतं.

गेल्या वर्षी त्याचं बी धरलं. आपली सवय, शेणखताच्या कुंडीत पेरलं, वर माती लोटली, बोअरचं पाणी दिलं. एक रोप आलं नाही. जुना इतिहास वाचला तेव्हा चूक कळली.

चार्ल्स डार्विनने १८६० पासून इंग्लंडातल्या दवबिंदूवर प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक काढलं. ही झाडं नत्र कमी असलेल्या जमिनीत राहतात, ती तूट किड्यातून भरतात. पुढे त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, निम्म्या रोपांना भाजलेल्या मांसाचे कण दिले, निम्मी उपाशी ठेवली. खाल्लेल्या रोपांना बी कितीतरी जास्त धरलं. आपल्या मुंबई इलाख्यातल्या दवबिंदूची नोंद थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेल्या ग्रंथात आहे.

यंदा कातळावरचीच रेताड माती घेतली. बी वरच भुरभुरलं, कारण त्याला उजेड लागतो. पावसाचं पाणी, खत अजिबात नाही. रोपं आली.

आपण अशा कातळाला पडीक म्हणतो आणि भराव टाकतो. भराव पडला की दवबिंदू गेलाच. रोप उपटू नका, आपल्या बांधावरचं चिमूटभर बी घ्या. बाकीचं कातळालाच राहू द्या.