गादीवरून लोकसभेत : जव्हारचे यशवंतराव मुकणे

हिंदुस्थानातील संस्थानिक म्हटले म्हणजे रजपूत वा मराठा घराण्यांचीच नावे ओठी येतात. सह्याद्रीतील जव्हार संस्थान या समजुतीस अपवाद होते. तेथील मुकणे घराणे महादेव कोळ्यांचे, इ. स. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने त्यास राजेपदाची मान्यता दिली, अशी परंपरा आहे. मुलूख डोंगराळ, क्षेत्र अवघे ३१० चौरस मैल, आणि प्रजा बहुतांशी वारली, कोकणा, ठाकूर, कोळी.

या गादीचे अखेरचे अधिपती यशवंतराव मार्तंडराव मुकणे १९१७ साली जन्मले. वडील निवर्तले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. १९३८ मध्ये त्यांस मुखत्यारी मिळाली. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्धफंडास पैसा द्यावा आणि भरतीच्या सभांचे अध्यक्षस्थान भूषवावे, एवढ्यावरच पुष्कळ संस्थानिकांची राजनिष्ठा थांबे. यशवंतरावांनी हवाई दलाचा गणवेश चढविला व ते फ्लाइट लेफ्टनंट झाले. युद्धारंभी हे हिंदी दल एकाच स्क्वॉड्रनचे होते. युद्ध संपेपर्यंत त्याची नऊ झाली. डोंगरातल्या कोळी राजाने या नव्या यंत्रयुगात पाऊल टाकावे, यात केवळ हौस नव्हती असे मानण्यास जागा आहे.

पण इकडे भूमीवर निराळेच वारे वाहत होते. १९४५ मध्ये संस्थानाच्या सीमेलगत, डहाणू व उंबरगाव तालुक्यांत, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उठले. १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५७ मध्ये ठाण्याच्या मतदारांनी शामरावांना लोकसभेवर धाडले. लाल बावट्याच्या या मुलखात काँग्रेसला जुन्या राजाची आठवण व्हावी, हे राजकारणास धरूनच होते. १९६२ साली यशवंतराव भिवंडीतून निवडून आले. १९६७ मध्ये आदिवासींसाठी राखीव असलेल्या डहाणूतून. काल ज्यांचा मुजरा घेतला, त्यांच्याच दारी आज मत मागावयाचे! हा पालट त्यांनी पत्करला, आणि विमानातील भरारीपेक्षा तो अधिक अवघड होता. शिवाय, संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे विधेयक १९७० मध्ये लोकसभेने संमत केले, तेव्हा त्या सभागृहात त्यांचीही जागा होती.

१९७८ साली त्यांचे निधन झाले. जव्हारचे दारिद्र्य मात्र ना राजाने हटले, ना खासदाराने. १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली म्हणून ज्या वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्रभर गेले, ती गावे जव्हार तालुक्यातलीच.