दोरीतील ताण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते पदार्थविज्ञान शिकवीत; मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. तरीही त्यांनी फळ्यावर काढलेली एक आकृती मला विसरता आलेली नाही. खडबडीत मेजावर ३ किलोग्रॅमचा ठोकळा. त्याला बांधलेली हलकी दोरी गुळगुळीत कप्पीवरून खाली गेलेली. तिच्या टोकाला २ किलोग्रॅमचे वजन. घर्षणांक ०.२. वजन खाली येत असता दोरीत ताण किती? गुरुत्वत्वरण १० धरून मी तत्काळ म्हणालो, "लोंबत्या वजनाइतका, २० न्यूटन." गुरुजी रागावले नाहीत. ह्या प्रश्नाला केवढा इतिहास आहे, तेच त्यांनी सांगितले.

गतीचे नियम न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. परंतु घर्षणाचा हिशेब त्यांत नव्हता. १६९९ मध्ये आमोंताँने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे प्रतिपादिले की, घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लष्करी अभियंता कुलोंब ह्याने रोशफोर बंदरात प्रयोग करून ह्या विषयाला भक्कम पाया दिला आणि १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळविले. इकडे केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुडने १७८४ च्या ग्रंथात कप्पीवरून दोन वजने सोडण्याचे आपले यंत्र वर्णिले. वजनांत थोडाच फरक ठेवल्याने गती मंदावे व मोजता येई. कप्पीचा आस त्याने चार चाकांवर टेकविला, तो घर्षण कमी व्हावे म्हणून. एकाने घर्षण मोजले, दुसऱ्याने ते टाळले.

मग गुरुजींनी दोन्ही वस्तूंचा वेगवेगळा विचार करावयास लाविले. घर्षण ६ न्यूटन. उरलेले १४ न्यूटन बल एकूण ५ किलोग्रॅमना ओढते, म्हणून त्वरण २.८. लोंबत्या वजनाकडून पाहता ताण २० उणे ५.६, म्हणजे १४.४ न्यूटन, ठोकळ्याकडून पाहता ६ अधिक ८.४, म्हणजे तेवढाच. घर्षण नसते तर ताण १२ च भरला असता. घर्षण गती कमी करते, पण ताण वाढविते, हे मला त्या दिवशी उमगले.

शेवटी गुरुजी म्हणाले, "मेज इतके खडबडीत असते की ठोकळा हललाच नसता, तर तुझे २० बरोबर ठरले असते. तुझे उत्तर थांबलेल्या दोरीचे आहे." चुकीच्या उत्तरालाही त्याची योग्य जागा दाखविणारा असा शिक्षक मला लाभला. पुढे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना, लाल रेघ ओढण्यापूर्वी माझा हात अनेकदा थांबला, तो ह्याच आठवणीने.