चांदोली : मान जगाचा, त्याग गावांचा

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि आपल्या सर्वांनाच अभिमान वाटला. पण त्याआधी तेरा वर्षे, १ जुलै २०१२ रोजी, खुद्द सह्याद्रीलाही हा मान मिळाला होता. ते मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

सह्याद्री आपल्याला परका नाही. ज्या तापीच्या काठी आपण पोटापाण्यासाठी येऊन स्थायिक झालो, तिच्याच दक्षिणेला ही रांग सुरू होते आणि सुमारे १,६०० कि.मी. धावत थेट कन्याकुमारीपर्यंत जाते. तिच्यातील ३९ ठिकाणे वारसा यादीत आहेत : केरळची २०, कर्नाटकची १०, तमिळनाडूची ५ आणि महाराष्ट्राची ४. कास पठार, कोयना, राधानगरी आणि चांदोली ही ती चार. यांपैकी राष्ट्रीय उद्यान एकटे चांदोली.

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथे वारणेच्या खोऱ्यात हे जंगल आहे. गवा, बिबट्या, अस्वल, शेकरू यांचे ते घर. याच रानात प्रचितगड उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी महाराणी येसूबाईंचे माहेर शृंगारपूर.

या जंगलाला संरक्षण मिळाले ते पायरीपायरीने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९८५ मध्ये चांदोली अभयारण्य झाले. २००४ मध्ये ३१७.६७ चौ. कि.मी. क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हा फरक केवळ नावाचा नाही. अभयारण्यात चराईला परवानगी देता येते, गावकऱ्यांचे काही हक्क राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपतात. पुढे २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

युनेस्कोचा मानही सहज मिळाला नाही. २०११ मध्ये भारताचा प्रस्ताव अधिक माहितीसाठी परत आला. २०१२ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीतही सल्लागार संस्थेचे मत अजून थांबावे असेच होते, पण सदस्य देशांनी नाव यादीत घेतले. या यादीमुळे नवा कायदा लागू होत नाही. राखण करायची ती आपल्याच कायद्याने आणि आपल्याच वनरक्षकांनी. एवढे खरे की, जंगलाचे काही बिघडले तर आता जगाला जाब द्यावा लागतो.

या सगळ्या इतिहासात एक पान मात्र अनेकदा वाचायचे राहून जाते. गोठणे, निवळे, झोळंबी अशी गावे या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. काही गावे धरणासाठी उठली, काही जंगलासाठी. माणसे सांगली-कोल्हापूरकडच्या सपाट मुलखात वसवली गेली. जमीन, पाणी आणि नागरी सुविधा पदरात पडाव्यात म्हणून त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, ठिय्या द्यावा लागला.

गाव सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. पण आपण गाव सोडले तरी ते जागेवर आहे. जत्रेला जाता येते, लेकरांना वाडवडिलांचे घर दाखवता येते. चांदोलीच्या माणसांचे गावच उरले नाही. जिथे चूल पेटत होती तिथे आज रान आहे आणि गावदेवाच्या पाया पडायला जायचे तरी वनखात्याची परवानगी लागते.

ते रान वाढले, याचा आनंदच आहे. वारणेचे पाणी त्यावरच टिकून आहे. पण वारशाचा मान मोजताना तो कुणाच्या घरादारावर उभा राहिला, हेही मुलांना सांगितले पाहिजे. विसर्जनाला तापीकाठी उभे राहाल, तेव्हा एकदा दक्षिणेकडे पाहा आणि ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!