जुन्या वाड्यांतील माळ्याची झडप आणि खासगी दप्तरांचा नाश

पेशवाईंतील खासगी कागद बहुधा कोठें सांपडतात असा प्रश्न केल्यास, ज्यांनीं दप्तरें हुडकण्याचें काम केलें आहे ते एकच उत्तर देतील : माळ्यावर. सरकारी दप्तराची गोष्ट निराळी. पेशवे दप्तरास पुण्यांत दगडी इमारत लाभली आणि त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं इ. स. १९३० ते १९३४ या अवधींत ४५ भागांत प्रसिद्ध केले. परंतु खतें, महजर, निवाडपत्रें, सावकारी वह्या, घरगुती पत्रव्यवहार हीं साधनें ज्या त्या घराण्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेलीं राहिलीं. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला तो अशा खासगी कागदांच्या बळावरच. आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्याचेंहि एक मुख्य प्रयोजन असे कागद नाहींसे होण्यापूर्वीं गोळा करणें हें होतें.

साधनांच्या नाशाचा विचार करतांना आग व पूर यांची नोंद आपण ठेवतों. शनिवारवाड्यास १८२८ सालीं लागलेली आग सर्वांस ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत जें पाणी शिरलें तें पुणेकर विसरलेले नाहींत. ओलीची नोंद मात्र कोणीच ठेवीत नाहीं, कारण ती एका रात्रींत येत नाहीं. ती दर पावसाळ्यांत थोडथोडी येते आणि बहुधा एकाच वाटेनें येते. ती वाट म्हणजे माळ्याची झडप. ही वस्तु क्षुद्र दिसते. परंतु कित्येक दप्तरें दीडशें-दोनशें वर्षें टिकलीं आणि अलीकडच्या साठ-सत्तर वर्षांत कां कुजलीं, याचा उलगडा बऱ्याच अंशीं या झडपेच्या इतिहासांत आहे असें आम्हांस वाटतें.

(१) रचना

वाड्यांत वर जाण्याचा जिना पुष्कळदां भिंतीच्या जाडींतूनच काढलेला असतो. तो अरुंद व अंधारा असून त्याच्या तोंडाशीं आडवी झडप असते. वरून ती लोटून कडी घातली कीं खालचा मनुष्य वर येऊं शकत नाहीं. म्हणजे तिचा मूळ हेतु संरक्षणाचा. माळ्याची जमीन कडीपाटाची : कड्या, त्यांवर पाट, त्यांवर माती. ही मातीची जाड थर घरांतील दमट हवा सहजासहजीं वर जाऊं देत नाहीं. या सबंध जमिनींत एकच भोंक, तें झडपेचें. तें नीट मिटलें तर माळा घरापासून वेगळा राहतो. न मिटलें तर घरांतील वाफ त्यांतूनच वर चढते.

अमरकोशांत गोपानसी व वलभी हे शब्द छपराच्या वांकड्या लाकडासाठीं दिले आहेत. तेथील वक्रता कारागिरानें बुद्ध्या ठेवलेली. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो पर्जन्यानें आणलेल्या वक्रतेचा.

(२) लाकडाचा स्वभाव

लाकूड कितीहि जुनें असो, तें हवेंतील बाष्प घेतच असतें व सोडतच असतें. पुण्यांत एप्रिलच्या दुपारीं हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा २०-२५ पर्यंत उतरते. ऐन पावसाळ्यांत ती शेंकडा ८० च्या वर जाते. त्याप्रमाणें लाकडांतील पाण्याचा अंश उन्हाळ्यांत सुमारें शेंकडा ६-७, तर पावसाळ्याच्या अखेरीस सुमारें १६-१७ असा हेलकावे खातो. या हेलकाव्यानें लाकडाची लांबी जवळजवळ बदलत नाहीं. बदलते ती रुंदी. तीहि सर्वत्र सारखी नव्हे. ओंडक्याच्या कडेची फळी मध्यांतून काढलेल्या फळीच्या सुमारें दुप्पट फुगते. सागासारख्या शांत लाकडाचीहि कडेच्या फळ्यांनीं केलेली दोन-अडीच फूट रुंदीची झडप उन्हाळा व पावसाळा यांच्या दरम्यान जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक दाखवूं शकते.

कौटिल्यानें कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत टणक लाकडांचा जो सारदारुवर्ग दिला आहे, त्यांत पहिलें नांव शाकाचें, म्हणजे आपल्या सागाचें आहे. ‘सार’ शब्दाचा एक अर्थच झाडाचा गाभा असा आहे. गाभ्याचें लाकूड वाळवीस व बुरशीस पुष्कळ दिवस दाद देत नाहीं. सालीलगतचें कच्चें लाकूड मात्र लवकर किडतें. जुन्या चांगल्या कामांत गाभ्याची, नीट मुरलेली फळी वापरलेली दिसते. पुढील डागडुजींत मिळेल ती फळी ठोकली गेली.

उभ्या दारापेक्षां आडव्या झडपेची स्थिति अधिक बिकट आहे. दाराच्या दोन्ही अंगांस बहुधा एकच हवा असते; झडपेच्या खालीं एक हवा, वर दुसरी. जें अंग ओलें तें फुगतें, कोरडें अंग तसेंच राहतें, आणि फळी ओल्या अंगाकडे फुगीर होऊन वांकते. त्यांत तिचा स्वतःचा भार व तिच्यावर ठेवलेल्या पेट्यांचा भार. असा बाक वर्षानुवर्षें राहिला म्हणजे लाकूड तोच आकार धरून बसतें. फळ्यांवर आडव्या पट्ट्या खिळ्यांनीं घट्ट ठोकल्या तर बाक कमी होतो, पण फुगण्या-आकसण्यास जागा न उरल्यामुळें फळी उलते. पट्टी खाचेंत सरकती ठेवणें हा त्यावर जाणत्या सुताराचा उपाय.

(३) माळ्यावरील हवेंत पडलेला फरक

येथें असा आक्षेप निघेल कीं, लाकडाचा स्वभाव पेशवाईंतहि हाच होता, मग कागद तेव्हां कां कुजले नाहींत ? उत्तर असें कीं, झडप तेव्हांहि फुगत होती, परंतु माळा कोरडा होता. छपरावर नळीचीं कौलें होतीं. त्यांच्या फटींतून वारा खेळे. खालीं चूल दोन्ही वेळां पेटे आणि तिची ऊब व धूर कौलांतून बाहेर पडतां पडतां माळा शेकून काढी. धुरानें कागद काळवंडले हें खरें. पण कीड व बुरशी दूर राहिली.

ही व्यवस्था तीन टप्प्यांनीं मोडली. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. पुढें मंगलोरी कौलें सर्वत्र पसरलीं. तीं घट्ट बसतात, पाऊस चांगला अडवितात. त्याच मानानें वाराहि कमी झाला. त्यानंतर कित्येक घरांवर लोखंडी पत्रे आले. निरभ्र रात्रीं पत्रा झपाट्यानें थंड होतो, खालच्या हवेंतील बाष्प त्याच्या आंतल्या अंगास थेंबांनीं जमतें आणि पहाटे टपटप खालीं पडतें. पाऊस संपला म्हणून निश्चिंत झालेल्या घरांत आश्विन-कार्तिकांत रुमाल भिजतात ते यामुळें. तिसरा टप्पा चूल जाऊन गॅस येण्याचा. स्वयंपाकाची व न्हाणीची वाफ राहिली, धुराची ऊब गेली. आणि वांकलेल्या झडपेच्या फटींतून ती वाफ आतां थंड, कोंदट माळ्यांत शिरते. पुष्कळांनीं शोभेसाठीं झडपेच्या खालच्या अंगास तेलरंग दिला व वरचें अंग उघडें ठेवलें. त्यामुळें एक अंग बाष्प घेतें, दुसरें घेत नाहीं, आणि वांकण्यास आणखी एक कारण होतें.

(४) कागदांची गति

जुनी काळी शाई काजळ व डिंक यांची. काजळ उन्हानें विटत नाहीं. म्हणूनच तीनशें वर्षांमागील अक्षर आजहि ठसठशीत दिसतें. परंतु डिंक पाण्यानें विरघळतो. ओल लागली कीं अक्षर पसरतें, समोरच्या पानावर उमटतें, आणि पुन्हां वाळतांना पानें एकमेकांस चिकटून रुमालाची वीट होते. हवेची आर्द्रता शेंकडा ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिली म्हणजे बुरशी धरते. बहुधा शेवटची ओळ व बंदाची कड प्रथम जाते. आणि मिति, शिक्का, मोर्तब हीं पुष्कळदां तेथेंच असतात. मजकूर वाचतां यावा पण काळ ठरवितां येऊं नये, अशी संशोधकाची विटंबना होते.

(५) कर्तव्य

ज्यांच्या घरीं अशी झडप व असा माळा आहे त्यांस आमची विनंति अशी. पावसाळ्यांत अडकलेली झडप लगेच रंधून घेऊं नये. तीच उन्हाळ्यांत सैल होऊन कायमची फट पडते. लाकूड पूर्ण आकसल्यावर, फाल्गुन-चैत्रांत, फुगण्यापुरती जागा राखून तिची दुरुस्ती करावी. तेल वा रंग द्यावयाचा तर दोन्ही अंगांस व कडांस सारखा द्यावा. माळ्यास वाऱ्याची आरपार वाट असावी. रुमाल झडपेवर किंवा पत्र्याखालीं न ठेवतां भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे.

कागद पाहावयाचे तर कोरड्या दिवसांत पाहावे. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत. भिजलेले कागद उन्हांत न टाकतां सावलींत, वाऱ्यावर वाळवावे. रुमालांचा मूळ क्रम मोडूं नये. कोणता कागद कोणत्या कागदांत होता हाहि पुरावाच असतो, आणि तारीख गेलेल्या पत्राची तारीख शेजारच्या पत्रावरून कित्येकदां ठरवितां येते. शक्य तर कागद एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करावे. तें मनास येत नसेल तर निदान त्यांचीं छायाचित्रें तरी काढूं द्यावीं.

वाडे आतां झपाट्यानें पाडले जात आहेत, व पाडतांना माळा सर्वांच्या शेवटीं आठवतो. पेशवे दप्तरांतून राज्याचा इतिहास पुष्कळ कळला; गांवचा, धंद्याचा व कुळाचा इतिहास या खासगी रुमालांतच आहे. त्याची दुसरी प्रत नाहीं. म्हणून येत्या कोरड्या दिवसांत वाचकांनीं आपल्या व आप्तेष्टांच्या घरची झडप एकदां उघडून पाहावी आणि वर जें असेल त्याची साधी यादी करावी, एवढेंच आमचें मागणें आहे.